आठ दिवसांची अमेरिकन गाडी

मी इंग्लिश गाडीचा, म्हणजे मोटरसायकलचा, माणूस. मुंबईत गोदीच्या वर्कशॉपात स्टोअर सांभाळत होतो तेव्हा पहिली घेतली. एका सिलिंडरची, काळी, टाकीवर सोनेरी रेघ. ती विकून त्याच कंपनीची दुसरी घेतली. इस्राएलला यायचं ठरलं तेव्हा आमच्या बेने इस्राएल लोकांनी पाटे-वरवंटे, तांब्याचे हंडे, शिवणयंत्रं बरोबर घेतली. मी गाडी सुटी केली, प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधली आणि लाकडी खोक्यात भरून बोटीने पाठवली. हैफाच्या धक्क्यावर खोका उघडला तेव्हा एक वॉशरसुद्धा कमी भरला नाही. बायको म्हणाली, "माझ्या कपबशा फुटल्या, तुमचे वॉशर मात्र सुखरूप आले."

बेर्शेबात मुंबईकडचे आम्ही चौघे होतो आणि चौघांकडे त्याच कंपनीच्या गाड्या होत्या. यात नुसता अभिमान नव्हता, सोयही होती. इथला सगळा कारभार मिलिमीटरचा. आमचे पाने इंचाचे, नट इंचाचे. एकाला क्लचची तार लागली की दुसऱ्याकडून मिळायची. सगळ्यांचे सुटे भाग मिळून एक कपाट झालं होतं आणि ते साहजिकच माझ्या ताब्यात होतं. शुक्रवारी संध्याकाळी लागलेला शब्बाथचा विसावा शनिवारी सुटला, आकाशात तारे दिसले, की चौघे आमच्या इमारतीखाली गाड्या उभ्या करून गप्पा मारायचो. झेक गाड्यांना आम्ही शिवणयंत्रं म्हणत असू. स्कूटरला तर गाडी म्हणतच नसू. जर्मन गाडीचं नाव कोणी मोठ्याने घेत नसे, कारण वरच्या मजल्यावर पोलंडमधल्या छळछावण्यांतून वाचून आलेली माणसं राहत आणि त्यांच्या खिडक्या उघड्या असत. आणि अमेरिकन गाडी म्हणजे आमच्या मते पलंग. झोपायला बरी, चालवायला नाही.

बायको इथल्या तिसऱ्या हिवाळ्यात गेली. मुंबईत ती माझ्यामागे बसून माहीमपासून भायखळ्यापर्यंत, सणाला ठाण्यापर्यंत हिंडली. इथे मात्र दोनदाच बसली. एकदा घर बघायला, एकदा इस्पितळात. ती गेल्यावर मी गाडीच्या मागच्या सीटवर हत्यारांची पत्र्याची पेटी बसवली. चार बोल्टांनी आवळली. पेटी सोयीची होती. रस्त्यात बिघाड झाला तर सगळं हाताशी असायचं.

मी व्यवस्थित राहणारा माणूस आहे. सोमवारी कपडे, मंगळवारी बाजार, बुधवारी गाडीला तेल. कामाच्या ठिकाणी, पाण्याच्या पाइपांच्या कारखान्यात, माझ्या स्टोअरमध्ये डोळे मिटून कुठलाही व्हॉल्व्ह काढून देता येत असे. घरी मात्र एक गोष्ट कधी जमली नाही. एका माणसाचा भात मापाने होत नाही. कितीही कमी तांदूळ घेतले तरी थोडा उरतोच. उरलेला सकाळी फोडणी देऊन खायचो. रेडिओ लावला तर हिब्रू बातम्या. रविवारपासून गुरुवारपर्यंत पुष्कळदा माझ्या तोंडून मराठी शब्द निघत नसे. मग कपाट आवरताना मी सुट्या भागांची नावं मोठ्याने म्हणत असे. तीही इंग्लिशच.

माझा मावसभाऊ अश्दोदला राहायचा. तिथे बंदर बांधायचं काम चालू होतं आणि तो त्या कामावर होता. शुक्रवारी दुपारी कामावरून सुटलो की मी गाडी काढून त्याच्याकडे जाई, शब्बाथ तिथे घालवी आणि शनिवारी तारे दिसताच निघून उशिरा का होईना मित्रांच्या गप्पांना परत येई. बासष्टच्या शेवटी एका शुक्रवारी त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, मासे तळता तळता विषय काढला. कापडाच्या गिरणीत तिच्या शेजारच्या यंत्रावर एक बाई काम करते. मूळची ठाण्याची, नवरा गेलेला, मुलगा सैन्यात. स्वभावाने मोकळी. पुढच्या शुक्रवारी ती बाई चहाला हजर होती.

अशा तीन-चार भेटी झाल्या. ती हसली की तोंडावर हात धरत नसे, याचं मला पहिल्यांदा नवल वाटलं आणि नंतर ते आवडू लागलं. तिने मला एकदा विचारलं की मी दर वेळी खुर्ची भिंतीला समांतर का करून ठेवतो. मला ते माहीतच नव्हतं. ती म्हणाली, तुम्ही आलात की वहिनींचं घर जरा सरळ होतं. मी परत जाताना रस्ताभर ते आठवत गेलो. तिने हो म्हणावं आणि बेर्शेबाला यावं, असं मला वाटत होतं. फार वाटत होतं. चाळिशी उलटून गेलेल्या माणसाने हे लिहायला लाजू नये.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात वहिनीचा धीर सुटला. "भाऊजी, घरात बसून नुसता चहा किती प्यायचा? तिला गाडीवर बसायची हौस आहे. येत्या शुक्रवारी समुद्रापर्यंत फिरवून आणा. शब्बाथ लागायच्या आत घरी या म्हणजे झालं."

मी बरं म्हटलं. बेर्शेबाला आलो आणि दुसऱ्याच संध्याकाळी पाना घेऊन पेटी काढायला बसलो. दोन बोल्ट काढले. तिसऱ्याला पाना लावला आणि थोडा वेळ तसाच बसून राहिलो. मग काढलेले दोन्ही परत आवळले. बोल्ट गंजलेत, असं मी तेव्हा मनाशी ठरवलं. ते गंजलेले नव्हते. दर बुधवारी मीच त्यांना ग्रीस लावत होतो.

कामावर जायच्या वाटेवर एका रुमानियन माणसाचं गॅरेज होतं. त्याच्याकडे एक अमेरिकन गाडी बरेच महिने उभी होती. महायुद्धाच्या काळातली, लष्कराची, नंतर कोणीतरी तिला निळा रंग दिलेला. हँडल बैलाच्या शिंगांसारखं रुंद, पाय ठेवायला फळ्या, पुढची सीट खाली बसकी आणि मागची सीट खरोखरच पलंगाची गादी. मी दुसऱ्या दिवशी तिथे थांबलो. रुमानियन म्हणाला, आठ दिवस ने, पटली तर ठेव, नाही पटली तर आण. मी गाडी सगळीकडून तपासली. इंजिनात दोष नव्हता, आणि ब्रेक माझ्या गाडीपेक्षा चांगले होते.

मित्रांना कळायला वेळ लागला नाही. खाली गाडी उभी केली तर तिघेही हजर.

"ही कोणाची?"

"माझी. वापरून बघतोय."

त्यांच्यातला सर्वांत थोरला, पोस्टात काम करणारा, गाडीभोवती एक फेरी मारून आला. म्हणाला, "उद्या म्हणशील, आमटी सोडली, आता बीटाचं सूप पितो."

"वाळू जाते रे त्या जुन्या इंजिनात," मी म्हटलं. "सुटे भाग मिळत नाहीत. लांबच्या रस्त्याला ही बरी."

"भाग मिळत नाहीत? कपाट भरलंय की. आणि किल्ली तुझ्याच खिशात आहे."

त्यांनी आणखी थोडी चेष्टा केली. नंतर एकाने हळूच विचारलं, कोणासाठी आणलीस? मी म्हटलं, कोणासाठी नाही. ते एकमेकांकडे बघून आपापल्या गाड्यांकडे वळले. त्यांना माहीत होतं, पण मराठी माणूस असा विषय पायरीवर उभा राहून बोलत नाही.

अमेरिकन गाडी चालवायची म्हणजे हातापायांना नव्याने शाळेत घालायचं. माझ्या गाडीचा गिअर उजव्या पायाला. हिचा गिअर म्हणजे टाकीच्या डाव्या बाजूला एक दांडा, तो हाताने ओढायचा. क्लच डाव्या पायाखाली. आणि जिथे माझा गिअर असायचा तिथे, उजव्या पायाखाली, हिचा ब्रेक. पहिल्या दिवशी मी वेग वाढवायला म्हणून पाय दाबायचो आणि गाडी जागच्या जागी थांबायची. मागून येणाऱ्या टांगेवाल्याने शिव्या दिल्या. मी रोज कामावरून सुटल्यावर गावाबाहेर, सपाट वाळवंटातल्या रस्त्यावर, सराव केला. हळूहळू जमलं. खरं सांगायचं तर गाडी उत्तम होती. तिला घाई नव्हती. आमची इंग्लिश गाडी म्हणजे सतत कोणीतरी दारावर ठोकतंय असा आवाज. हिचा आवाज खोल आणि सावकाश, आणि फळ्यांवर पाय टाकून बसलं की खुर्चीत बसल्यासारखं वाटायचं. गुरुवारी संध्याकाळी मी तिच्यावरून परतताना गुणगुणत होतो. ऐकायला कोणी नव्हतं.

शुक्रवारी अश्दोदला पोचलो तेव्हा मावसभाऊ गाडी बघून खूश झाला. वहिनी म्हणाली, वा, सोफाच आणलात. ती बाई तयार होती. तपकिरी झगा, पांढरा ब्लाउज, डोक्याला रुमाल. गिरणीतल्या बायकांनी इथे आल्यावर लुगडी कधीच सोडली होती. सणावारी तेवढी नेसायच्या. ती मागे बसली, दोन्ही पाय एकाच बाजूला घेऊन, जशा आमच्या बायका बसतात. गाडीच्या गादीवर हात फिरवून म्हणाली, "हिच्यावर झोप लागेल हो."

आम्ही नव्या वस्तीतून निघालो. अर्धवट बांधलेल्या इमारती, त्यांच्यामागे वाळूच्या टेकड्या. बंदराच्या रस्त्याला दगड वाहणारे ट्रक असतात, म्हणून मी दुसरा, जुना रस्ता धरला. समुद्राजवळ थांबलो. ती खाली उतरली, चपला हातात घेऊन पाण्यापर्यंत गेली, पावलं भिजवून आली. थोडा वेळ वाळूत बसलो. ती ठाण्याच्या तळ्याबद्दल बोलत होती. तळ्याच्या काठी त्यांचं घर होतं. मोठा भाऊ गळ टाकून बसायचा आणि आई चूल पेटवून मासळीची वाट बघायची. मीही बोललो. आमच्या सिनेगॉगमधल्या शोफार, म्हणजे एडक्याचं शिंग, वाजवणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल बोललो, ज्याचा दम पुरत नसे. ती हसली. इतकं मराठी मी वर्षभरात बोललो नव्हतो. ऊन कलायला लागलं तशी ती म्हणाली, "चला, वहिनी शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या आत पोचू."

आम्ही गाडीवर बसलो. मी किक मारली, पाय क्लचवर ठेवला, आणि नेहमीसारखं मागे न बघता म्हटलं, "पदर सांभाळ."

मी निघालो. रस्ता मोकळा होता, पुढे-मागे चिटपाखरू नाही. माझं सगळं लक्ष दांड्यावर आणि पायांवर होतं. ती कानामागून पुन्हा त्या तळ्याचं काहीतरी सांगायला लागली होती, मी हं हं करत होतो, वाऱ्यावर तिचे शब्द तुटत होते. एका वळणावर, या जुन्या रस्त्यालाही, समोरून दगडांनी भरलेला ट्रक आला. सरळ आमच्या अंगावर. मला राग आला. मला वाटलं, हा गाढव चुकीच्या बाजूने का येतोय? त्याने भोंगा वाजवला, वाजवतच राहिला. ब्रेक म्हणून मी डावा पाय दाबला. माझ्या गाडीचा ब्रेक तिथे असतो. हिचा तिथे क्लच, तो दाबला गेला आणि गाडी नुसती मोकळी धावली. मग मी हँडल वळवलं आणि आम्ही रस्ता सोडून वाळूत गेलो आणि पडलो.

वाळू मऊ होती. तिला लागलं नाही, झगा मात्र गुडघ्याशी फाटला. माझा तळहात सोलला. ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली उतरून हिब्रूत ओरडत आला. उजवीकडून चाल, उजवीकडून, तुला कोणी लायसन दिलं? तेव्हा माझ्या लक्षात आलं की चुकीच्या बाजूने मी होतो. या देशात येऊन आठ वर्षं झाली होती. आठ वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं. ड्रायव्हरने आमच्याकडे नीट बघितलं, आम्ही कुठले ते विचारलं. हिंदुस्थानातले म्हटल्यावर त्याचा राग उतरला. तिकडे डावीकडून चालवतात ना, म्हणाला, माझा एक काका इंग्रजांच्या पलटणीबरोबर तिकडे होता. त्याने गाडी उभी करायला हात लावला. मला एकट्याला ती उचलली नसती. मग त्याने तिला विचारलं, गावापर्यंत सोडू का? तिने मान हलवून नको म्हटलं आणि तो गेला.

मी गाडी तपासत होतो. हँडल किंचित वाकलं होतं, बाकी ठीक. ती झग्याची वाळू झटकत उभी होती. मी क्षमा मागायला तोंड उघडलं.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "मला एक सांगा. ही गाडी तुम्ही कशाला आणलीत? तुमची ती जुनी काळी बरी होती की. मी समोरच्या गॅलरीतून बघायचे."

मी वाळूचं, सुट्या भागांचं सांगायला सुरुवात केली. ती ऐकत राहिली. मग मी थांबलो आणि खरं ते सांगितलं. पेटीचं सांगितलं, बोल्टांचंही सांगितलं.

तिने झग्याची उरलेली वाळू झटकली. मग म्हणाली, "म्हणजे तिथे मला बसवता येईना, म्हणून दुसरी आणलीत. बरं केलंत. माझ्या नवऱ्याचा जेवायचा पाट मीसुद्धा कोणाला देत नाही. पण मग इथे बसवलंत कोणाला? मी झगा घातलाय. मला पदर कुठाय?"

मी तसं म्हटल्याचं मला तोपर्यंत आठवतही नव्हतं. तिने सांगितलं तेव्हा आठवलं, आवाजासकट. मुंबईत प्रत्येक वेळी मी तेच म्हणत असे. मागच्या चाकात लुगडं अडकू नये म्हणून. आणि मग डावीकडून निघत असे.

"चुकून गेलं तोंडातून," मी म्हटलं.

"हो, चुकूनच. कळलं ना मला." ती रागावली नव्हती. रागावली असती तर समजावता आलं असतं. "तुम्ही पुढे व्हा, मी चालत येते. जवळच आहे."

मी तिच्या बाजूने हळूहळू गाडी चालवायचा प्रयत्न केला. पण ती गाडी इतक्या हळू चालत नाही, धक्के खाते. शेवटी तीच हसून म्हणाली, "जा हो. माझ्या शेजारी तो आवाज नको." मी पुढे गेलो. वहिनीच्या दारात उभा राहिलो. ती आली, फाटलेल्या झग्याबद्दल वहिनीला सांगितलं की उतरताना कशात तरी अडकला. चहा न घेता आपल्या घरी गेली. वहिनीने मेणबत्त्या लावल्या. मावसभावाने द्राक्षारसाच्या प्याल्यावर किद्दुशची प्रार्थना म्हटली. तळहात झोंबत होता म्हणून मी प्याला डाव्या हाताने धरला. त्याच्या ते लक्षात आलं.

रविवारी गाडी रुमानियनला परत दिली. हँडल सरळ करून दिलं होतं. त्याने विचारलं, काय दोष निघाला? मी म्हटलं, गाडीत काहीच नाही. त्याचा विश्वास बसला नाही. संध्याकाळी मित्रांनी माझी काळी गाडी खाली बघितली आणि थोरला म्हणाला, आला बाबा घरी. मीही हसलो. तारांचा हिशोब सांगितला, कपाटातून एकाला स्पार्कप्लग काढून दिला.

वहिनीने दोन-तीन महिने वाट बघून तिला विचारलं. ती म्हणाली, माणूस चांगला आहे, घाई कशाला करायची. वहिनीला वाटलं हे होकाराच्या जवळ आहे. मला तसं वाटलं नाही. मी शुक्रवारी जात राहिलो, पण ती चहाला यायची बंद झाली होती. तिच्या मुलाची रजा, तिची गिरणीतली पाळी, काहीतरी असायचं. मग मीही दर शुक्रवारी जाईनासा झालो. भात पुन्हा उरायला लागला.

चौसष्टच्या सुरुवातीला, हिवाळ्यात, मी कामासाठी तेल अविवला गेलो होतो. परतताना बस स्टँडवर ती दिसली. अंगात जाड स्वेटर, हातात जाळीची पिशवी, पिशवीत दोन नारळ. नारळ मिळणारं एकच दुकान तेव्हा आमच्या माहितीत होतं. मी विचारलं, नवसाचा मलिदा आहे का? ती म्हणाली, हो, मुलगा सैन्यातून सुटला, एलियाहू हन्नाबीला नवस बोलले होते. सहा महिन्यांनी आम्ही बोलत होतो आणि दोघेही नारळाकडे बघून बोलत होतो. तिने गाडीचं विचारलं. मी म्हटलं, घरी आहे, इतक्या लांब पावसात नको म्हणून बसने आलो. तिने मान डोलावली. मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. त्याची मी मनात मुद्देसूद जुळवणीही केली होती, बऱ्याच दिवसांपासून. पहिला मुद्दा काय होता तेच त्या वेळी सुचेना.

अश्दोदची बस आधी लागली. रांग पुढे सरकली. ती पायरीवर चढली आणि वळून म्हणाली, "मलिद्याला या. येत्या आठवड्यात आहे, वहिनी सांगतील दिवस. बसने या पण."

मागच्या माणसाने ढकललं आणि ती आत गेली. बस सुटली. बेर्शेबाच्या बसला अजून वेळ होता. मी रांगेत उभा राहिलो.

वहिनीने दिवस कळवला. शुक्रवार होता. शुक्रवारी बेर्शेबाहून निघणाऱ्या बसला फार गर्दी असते, मी तसंच कळवलं, गेलो नाही, आणि गर्दीचं ते खरं आहे. त्यानंतर पुष्कळ सोमवार आले, बुधवार आले. त्या दिवशी अश्दोदच्या बसला गर्दी नसते. मला ठाऊक आहे, मी थांब्यावरून जाताना बघतो. खिडकीजवळच्या जागासुद्धा रिकाम्या असतात.